पाचवी जागा

बंधाऱ्याचा पांढरा खांब मागे पडला आणि सुकाणूवर बसलेल्या ग्विलिमने अंगठ्याने स्टॉपवॉच बंद केलं.

"बास! थांबा."

आठही वल्ही पाण्यावर आडवी झाली. पाचव्या जागेवरचा लायनेल थॅकरे गुडघ्यांत डोकं घालून बसला. तो कॉलेजच्या पहिल्या होडीचा कॅप्टन होता आणि त्याची धाप थांबत नव्हती. होडी काठाला लागल्यावर तो उतरला, झुडपामागे जाऊन ओकला आणि तोंड पुसून परत आला.

"आता डेन्झिल," तो म्हणाला. "तीच जागा, तेवढंच अंतर."

डेन्झिल ट्रेगियरला ऑक्टोबरात त्यानेच हेरलं होतं. कॉर्नवॉलच्या एका कोळ्याचा हा मुलगा कॉलेजात आला तो गोळाफेक करणारा म्हणून. खांदे कपाटासारखे, बोलणं मोजकं. "आमचे बाबा म्हणतात, आठ जणांनी मिळून होडी हाकायची आणि एक मासासुद्धा आणायचा नाही, हा कसला धंदा?" असं तो पहिल्याच दिवशी म्हणाला होता आणि सगळे हसले होते. लायनेलने त्याला वल्हं धरायला शिकवलं. डिसेंबरात वल्ह्यांवर बर्फाचा पापुद्रा धरायचा, तेव्हाही दोघं पहाटे पाण्यावर असायचे. फेब्रुवारीत फ्लूने लायनेलला तीन आठवडे झोपवलं. मार्चमधल्या मैदानी सामन्यांत डेन्झिलने गोळा सगळ्यांच्या पुढे फेकला. लायनेल तीन मैलांच्या शर्यतीत गेल्या वर्षी पहिला आला होता. या वर्षी सहावा आला. छाती बरी झाली असं डॉक्टर म्हणत होते. छातीला ते पटलेलं नव्हतं.

आता मे संपत आला होता. जूनच्या शर्यतींना दहा दिवस होते आणि पाचवी जागा कुणाची, ते आज ठरायचं होतं.

दुसरी खेप लायनेलने काठावरून, सायकलवरून पाहिली. होडी परतली. डेन्झिल उतरला, बुटांचे बंद बांधता बांधता कुणाशी तरी बोलला आणि संत्रं सोलू लागला.

"तुझ्या वेळी सहा मिनिटं एकोणीस," ग्विलिम घड्याळाकडे बघत म्हणाला. "त्याच्या वेळी सहा बावीस. म्हणजे तू."

पोरांनी लायनेलच्या पाठीवर थापा मारल्या. लायनेल संत्र्याची साल सोलणाऱ्या बोटांकडे बघत होता. डेन्झिलला साधी धापही लागली नव्हती.

"बरं," तो म्हणाला.

तीन दिवस तो त्या जागेवर बसला. त्याचे वडील गावाकडे जनावरांचे डॉक्टर होते. तरुणपणी तेही याच कॉलेजकडून वल्हवत. मुलगा कॅप्टन झाला म्हणून या वर्षी चार दिवस दवाखाना बंद ठेवून ते येणार होते. ईस्टरच्या सुट्टीत त्यांनी नवी दुर्बीण आणून टेबलावर ठेवली होती, आणि लायनेलने ते कौतुकाने सगळ्या पोरांना सांगितलं होतं.

तिसऱ्या दिवशी सराव संपल्यावर त्याने ग्विलिमला मागे थांबवलं. होडी उलटी करून दोघं तिची पाठ पुसत होते.

"तुला दिसलं होतं ना?"

"मी सुकाणू धरतो," ग्विलिम म्हणाला. "तुम्ही सगळे मागे तोंड करून बसता, मी पुढे. प्रत्येकाच्या वल्ह्यामागे पाण्यात भोवरा उठतो, तो मला दिसतो. डेन्झिलचा त्या दिवशी बशीएवढा होता."

"आणि एरवी?"

"ताटाएवढा."

"मग बोलला का नाहीस?"

"तू विचारलं नाहीस." ग्विलिमने फडका पिळला. "आणि मलाही तूच हवा होतास. खोटं कशाला बोलू?"

लायनेल बराच वेळ एकाच जागी पुसत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी फळ्यावर नावं लागली. पाच: ट्रेगियर. अर्ध्या तासाने डेन्झिल जिना दणाणत वर आला आणि दार न ठोठावता लायनेलच्या खोलीत शिरला.

"हे काय लावलंय, कॅप्टन? तुम्ही जिंकला होता!"

"तू ओढलंच नव्हतंस."

डेन्झिलचा चेहरा लाल झाला. तो खिडकीपाशी गेला.

"गोळा फेकताना मी कधी कुणासाठी हात आखडला नाही," तो म्हणाला. "पण तिथे कुणाचे बाबा दुर्बीण घेऊन येणार नव्हते."

"उरलेल्या सात जणांनाही बाप आहेत, डेन्झिल. त्यांनी वर्षभर काय केलं? थंडीत हातांची सालटी काढून घेतली, ती माझी लाज राखायला?"

डेन्झिल खिडकीकडून वळला.

"चारही दिवस जीव तोडून ओढायचं. पुन्हा बशी दिसली तर नदीत ढकलीन."

"कसली बशी?"

"ग्विलिमला विचार."

"आणि तुम्ही काय करणार?"

"काठावरून सायकल हाकीन. शिव्या घालायला कुणीतरी लागतंच."

डेन्झिल हसला नाही. जाताना त्याने दार अगदी हळू लावलं.

पहिल्या दिवशी लायनेलचे वडील दुर्बीण गळ्यात अडकवून आले, तेव्हा हॉटेलात मिळालेलं खेळाडूंच्या नावांचं छापील पत्रक त्यांच्या हातात होतं. त्यांनी ते दोनदा वाचलं.

"मनगट दुखावलं का?" त्यांनी हलकेच विचारलं. "हॉटेलात मी तसंच सांगितलंय."

हो म्हणणं फार सोपं होतं.

"नाही, बाबा. तो माझ्यापेक्षा चांगला ओढतो."

वडिलांनी पत्रकाची घडी घातली, खिशात ठेवली आणि चहाच्या तंबूकडे चालू लागले. पुढचे दोन दिवस ते गायी, गवत आणि शेजाऱ्याच्या घोडीबद्दल बोलत राहिले. पाचव्या जागेचा विषय त्यांनी काढला नाही, लायनेलनेही नाही.

नदी अरुंद असल्यामुळे होड्या एकीमागे एक सुटतात. पुढच्या होडीला गाठून धडक द्यायची, मग दुसऱ्या दिवशी तिची जागा आपली. तीन दिवस त्यांची होडी पुढच्या होडीच्या मागेच राहिली. तिसऱ्या दिवशी तर हातभर अंतर उरलं होतं.

चौथ्या दिवशी सुटण्याची तोफ उडाली आणि लायनेल काठावरून सायकल हाणत सुटला. छातीत कळ येत होती. तो ओरडत होता, मध्येच शिट्टी फुंकत होता. अर्धी होडी. हात. वीत. विलोच्या झाडांजवळच्या वळणावर लाकडावर लाकूड आपटल्याचा आवाज आला आणि ग्विलिमने दोन्ही हात वर केले.

काठावरचे लोक नाचू लागले. लायनेल सायकल धरून उभा राहिला. शिट्टी अजून त्याच्या तोंडातच होती, पण ती वाजत नव्हती.

वळणावरच त्याचे वडील उभे होते. ते चांगले बूट घालून चिखलातून खाली उतरले आणि काठाला लागलेल्या होडीपाशी जाऊन थांबले. डेन्झिल वाकून धापा टाकत होता. त्याला बोलता येत नव्हतं.

"पाच नंबर तूच ना?"

डेन्झिलने मान वर केली, लायनेलकडे पाहिलं आणि मग होकार दिला.

"घरचे कुणी आले होते बघायला?"

"नाही, सर. बाबा... समुद्रावर असतात... या दिवसांत."

वडिलांनी खिशातून पत्रक काढलं, उलटं केलं आणि पेन उघडलं.

"त्यांचा पत्ता सांग," ते म्हणाले. "मी लिहितो त्यांना. मी सगळं पाहिलंय." मग मागे न बघताच त्यांनी हाक मारली, "लायनेल, इकडे ये. कुठपासून अंतर कमी व्हायला लागलं, ते मला नीट सांग."

लायनेलने सायकल गवतात आडवी टाकली आणि तो खाली उतरला.