मला कमरेवरून उतरवा

मी एक पट्टा. रुंद, कातडी, पितळी बकलाचा. आमच्या दक्षिण आफ्रिकेतल्या लिम्पोपो प्रांताच्या रानात कुडू नावाचं भलंमोठं हरीण फिरतं. त्याच्या कातड्यातून मोकोपाने गावच्या एका जीनगरानं मला कापलं, शिवलं आणि दुकानाच्या दारात टांगलं.

तिथून मला माटोमेनं नेलं. तो रानाचा राखणदार. त्यानं माझ्यावर पाण्याची बाटली अडकवली, सुरी अडकवली आणि उभी हयात मला काटेरी झुडपांतून हिंडवलं. त्याचा घाम पिऊन मी मऊ पडलो. त्याला तेच आवडायचं. "हा पट्टा नाही, माझी दुसरी कातडी आहे," असं तो लोकांना सांगायचा. मी फुगून जायचो.

म्हातारपणी तो पोलोक्वाने शहराजवळच्या सेशेगोला लेकीकडे राहायला आला. लेकीचं नाव फेलादी. पोलोक्वानेत अँब्युलन्स चालवायची. चाळिशी ओलांडलेली, अंगानं दणकट आणि स्वभावानं हट्टी. ती एकदा कुणाबरोबर तरी शहराबाहेरच्या पिस्तुलाच्या मैदानावर गेली आणि त्या खेळाचं वेड घेऊनच घरी आली. पिस्तूल सुरक्षित हाताळण्याची परीक्षा ती पास झाली, त्या दिवशी माटोमेनं मला आपल्या कमरेवरून सोडून तिच्यापुढे धरलं.

"माझ्याकडे द्यायला दुसरं काय आहे, पोरी?"

फेलादीनं मला दोन्ही हातांत घेतलं. तिचे डोळे भरले होते. त्या क्षणी मला वाटलं, आपल्या जन्माचं सोनं झालं. पुढं काय वाढून ठेवलंय, ते मला कुठं ठाऊक होतं!

हा खेळ एका जागी उभं राहून नेम धरण्याचा नाही. शिट्टी वाजली की कमरेचं पिस्तूल उपसायचं, पळायचं, आडोशामागून वाकायचं, पुठ्ठ्याची लक्ष्यं भेदायची, लोखंडी पाडायची आणि पळता पळताच गोळ्यांचं मॅगझिन बदलायचं. नेमाचे गुण मिळतात, पण त्या गुणांना लागलेल्या वेळेनं भागतात. फेलादीचा नेम असा, की बघणाऱ्यानं तोंडात बोट घालावं. वेळ मात्र अशी, की बघणाऱ्यानं चहा पिऊन यावा.

"अँब्युलन्स आली रे!" मैदानावरचा कोबस ओरडायचा. "पण रोगी दगावल्यावर!"

"हसून घे, कोबस. दात दुखले की माझ्याच गाडीत बसशील."

ती हसून उत्तर द्यायची, पण टोमणा तिला लागायचा. तिला प्रांताच्या संघात जायचं होतं. त्यासाठी तिनं कंबर कसली, आणि कसली ती माझ्यानंच.

आधी तिनं सामान बदललं. चाप हलका करून घेतला, तर गोळी मनाच्या आधीच सुटायला लागली. मुकाट्यानं पुन्हा जुना चाप बसवला. मग पिस्तुलावर लाल ठिपका दाखवणारी काच लावली. आता ती प्रत्येक लक्ष्यापुढे ठिपका हुडकत बसायची आणि आणखी उशीर व्हायचा.

मैदान सांभाळणारे सारेलकाका एक दिवस वैतागले. त्यांचं आयुष्य ह्याच खेळात गेलेलं; गुडघे गेले, पण जीभ शाबूत होती.

"काय शोधतेस गं? हरवलेली शेळी आहे का ती? लक्ष्याकडे बघ! पिस्तूल दर वेळी सारखं वर आलं की ठिपका आपसूक तिथं येतो."

"मग उशीर कशानं होतो, काका?"

"हात घाई करतात आणि पाय खांबासारखे रोवलेले. नव्या जागी पोचल्यावर पिस्तूल उचलतेस. पोचता पोचता ते डोळ्यांसमोर हवं. वेळ गोळीत जात नाही पोरी, दोन गोळ्यांच्या मधे जातो."

त्या दिवसापासून तिनं नव्या वस्तू घेणं थांबवलं. घरी गोळ्या दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवायची, पिस्तूल रिकामं असल्याची दोनदा खात्री करायची आणि भिंतीवर चिकटवलेल्या कागदी ठिपक्यांसमोर उपसण्याचा सराव करायची. माटोमे कोपऱ्यात बसून मक्याच्या पिठाची घट्ट उकड आणि पालेभाजी खात बघायचा. ती सुधारत होती. पाय हलके झाले, डोळे पुढं धावायला लागले. आणि तरीही उपसताना काहीतरी अडायचं.

शेवटी सारेलकाकांनी फोनवर तिची हालचाल बाजूनं टिपली आणि सावकाश चालवून दाखवली. मीही पाहिली. तिचा हात पिस्तुलावर पडला, वर उचलला, आणि पिस्तुलाआधी मीच वर आलो! मऊ, लुळा, पिस्तुलाच्या म्यानाबरोबर ओढला गेलेला. मी पुरता ताणला गेल्यावरच पिस्तूल सुटत होतं. दर वेळी तिला अडवत होतो तो मीच.

"हा पट्टा बदल," काका म्हणाले.

"तो बाबांचा आहे."

"मग बाबांच्या कमरेला शोभेल. तुला ताठ पट्टा हवा, फळीसारखा."

"त्यांना वाईट वाटेल, काका. ह्यावर मी दुप्पट मेहनत करीन."

तिनं खरंच केली. माणसं प्रेमापोटी किती कष्ट उपसतात! मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो, "बाई गं, काढ मला!" आम्हा पट्ट्यांना धरून ठेवणं येतं, सोडणं येत नाही.

निवडीची पहिली स्पर्धा आली. माटोमे खास इस्त्रीचा शर्ट घालून बघायला आला होता. एका फेरीत बुटक्या झरोक्यातून नेम धरण्यासाठी फेलादी वाकली आणि मी तिच्या कमरेवर फिरलो. माझ्यावर अडकवलेलं मॅगझिनचं घर सरकून पाठीमागं गेलं. तिचा हात रोजच्या जागी गेला, तिथं काहीच नव्हतं. ती ते शोधायला वळली आणि वळताना पिस्तुलाच्या नळीचं तोंड बाजूला, ठरलेल्या हद्दीबाहेर गेलं.

"थांबा!" पंच ओरडले.

पंचांनी तिच्याकडून पिस्तूल रिकामं करून घेतलं आणि हळू आवाजात तिला स्पर्धेतून बाद केलं. नियम कडक आहे, आणि तो तसाच हवा. कोबससुद्धा हसला नाही.

घरी आल्या आल्या माटोमे म्हणाला, "पट्टा सोड."

"बाबा, चूक माझी होती."

"सोड म्हणतो ना!" त्यानं मला हातावर वाकवून बघितलं. "मी हा बाटली अडकवायला घेतला होता. पिस्तूल, मॅगझिनं, एवढं ओझं ह्याला कसं पेलेल? काकांनी तुला सांगितलं नव्हतं?"

ती बुटांच्या नाड्या सोडायला लागली.

"सांगितलं होतं तर! अगं, बापाला कमरेला बांधून पळतेस आणि वर म्हणतेस, वेग का येत नाही?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"आज तुला सगळ्यांदेखत बाहेर काढलं, तेव्हा मला काय बरं वाटलं?" म्हाताऱ्यानं मला टेबलावर ठेवलं. "मी तुला भेट दिली होती, पोरी. शपथ नव्हती घातली."

फेलादी ढसाढसा रडली. मग तोंड धुऊन आली आणि म्हणाली, "उद्या नवीन आणते."

नवा पट्टा आला. काळा, ताठ, दोन पदरांचा; आतला पदर कमरेला, बाहेरचा त्यावर घट्ट चिकटणारा. मी त्याच्याकडे आधी रागानं पाहिलं, खोटं कशाला सांगू? पण ती उपसायला लागली तेव्हा तो तसूभरही हलला नाही. माझा राग तिथंच विरला.

पुढच्या स्पर्धेला मी माटोमेच्या कमरेवरून गेलो. शिट्टी वाजली आणि फेलादी अशी सुटली, की म्हातारा खुर्चीतून उठूनच उभा राहिला. पिस्तूल वर आलं ते लक्ष्याकडे बघतच. पाय थांबायच्या आत गोळ्या सुटत होत्या. लोखंडी ताटल्या एकामागून एक आडव्या झाल्या. मॅगझिन हाताला बरोबर लागलं.

"सायरन लागला रे!" कोबस ओरडला.

पहिली नाही आली ती. पण संघाच्या यादीत शेवटचं नाव तिचं होतं. सारेलकाकांनी पाठ थोपटली आणि लगेच बजावलं, "डावीकडे वळताना अजून झोपा काढतेस. मंगळवारी ये."

"सोमवारीच येते."

आता ती देशाच्या स्पर्धेसाठी दूरच्या ब्लूमफोंटेन शहराला निघाली आहे. माटोमे हल्ली वाळलाय, मी त्याच्या कमरेवर सैल पडतो. आज सकाळी सामान भरता भरता फेलादी त्याच्यापुढं गुडघ्यावर बसली आणि टोच्यानं माझ्यात नवं भोक पाडलं.

माणसांनो, आमच्यावर माया जरूर करा, पण मायेपोटी आमच्या गळ्यात न पेलणारं काम घालू नका. आम्हाला उतरवलंत तर आम्ही रुसत नाही.

"घट्ट झाला का, बाबा?" फेलादीनं बकल लावून विचारलं.

"बेताचा झालाय. तू नीघ आता. उशीर करायची सवय मोडलीस ना?"

ती हसली, बॅग खांद्यावर टाकली आणि मागं न बघता निघाली.