भरल्या गाडीचं माप

"इसरूभाऊ, सामान उतरवा. गाडी आधीच म्हातारी, वरून ओझं काऊन?" कंपनीतली नटी धुरपताबाई दुसऱ्यांदा म्हणाली.

इसरू जागचा हलला नाही. हंगामाचा नारळ फुटला की पडदे, पेट्या, रंगाचं सामान नाटकाच्या गावीच खाली उतरायचं, ही त्यांच्या नाटक कंपनीची रीत. आलापल्लीच्या पेट्रोलपंपावर ते भुईला टेकवणं त्याच्या हातून होणार नव्हतं.

"रीत डिझेल पेते का बे?" मालक धनराज गुरकावला.

जुनी बस कापून, आत सागाच्या फळ्यांचे बाक ठोकून इसरूनेच हे फिरतं घर उभं केलं होतं आणि तोच ते चालवी. कलावंत त्यातच निजत, रंग लावत, भांडत, लेकरं पाजत. पावसाळ्यात सारे आपापल्या गावी पांगले की इसरू एकटा त्यात राही. दुसरं छप्पर त्याला नव्हतं. आता धनराजने नवी गाडी आणली होती. मऊ गाद्या, गार हवा, आतच मोरी. दोन्हींच्या टाक्या काठोकाठ भरायच्या, मुलचेऱ्याला जाऊन यायचं, पुन्हा भरायच्या. जी जास्त पिईल ती भंगारात.

नवी रिकामीच निघाली आणि सागाच्या सावल्यांत दिसेनाशी झाली. इसरू भरली गाडी घेऊन परतला तेव्हा तिची टाकी भरूनही झाली होती. जुनीत नळी घातली. डिझेल जातच राहिलं.

"त्याच्या गाडीत साऱ्या कंपनीचं सामान होतं, मालक," धुरपताबाई म्हणाली.

"मंग उतरवाचं होतं. मी का त्याचे हात बांधले होते?"

"तुमची रिकामी होती, एवढं तं कबूल करा," इसरू म्हणाला.

"कबूल. आता हे खटारं वरोऱ्याच्या भंगारवाल्याले तूच नेऊन दे. नवीवर माह्या ड्रायवर हाये. तुह्यं काम नाई."

संध्याकाळी नाटकाच्या गावी सामान उतरलं. धुरपताबाईने आपली वळकटी काखेत घेतली, इसरूकडे न बघता नव्या गाडीत चढली. दार आवाज न करता मिटलं.

सकाळी तो एकटाच वरोऱ्याकडे निघाला. जंगलातला चढ आला तसा सवयीने हात गिअरवर गेला. गाडीने खालचा गिअर मागितलाच नाही. बाक मागे खडखडत होते आणि ती पोरीसारखी चढत होती. इतक्या वर्षांत त्याने ती रिकामी कधी हाकलीच नव्हती.

इसरूने हात काढून घेतला आणि गुडघ्यावर ठेवला.