कारण न लिहिलेला नववा नियम

मित्रांनो, मी एक जुनी नियमावली आहे. नवजात बाळांच्या औषधाची मात्रा काढणारा एक संगणकीय प्रोग्राम आहे. कोणीही तो फुकट वापरावा, उघडून पाहावा, सुधारावा, असा तो खुला ठेवलेला आहे. सुधारणा पाठवणाऱ्याने काय पाळावे, ते माझ्यात लिहिले आहे. पाठवण्यापूर्वी प्रत्येक जण ‘मी नियमावली वाचली आहे’ या चौकटीत खूण करतो. इतक्या सभ्यपणे इतके खोटे अन्यत्र क्वचितच बोलले जात असेल.

मला लिहिले एका रुग्णालयाच्या औषध विभागप्रमुख बाईंनी. प्रोग्रामही मूळ त्यांचाच. त्यांचा धाकटा भाऊ त्यांना ताई म्हणतो, म्हणून मीही म्हणते. पहिले आठ नियम ताईंनी चहा पीत पीत लिहिले. नववा लिहिताना मात्र त्यांनी कप बाजूला सारला: ‘बाळाच्या वजनाचा रकाना रिकामा असेल तर प्रोग्रामने थांबावे, अंदाज भरू नये.’ त्यांनीच प्रोग्राममध्ये भरलेल्या अशा एका अंदाजापायी आदल्या आठवड्यात एक बाळ दगावता दगावता वाचले होते. नियम लिहिला. कारण लिहायची लाज वाटली.

पुढची सहा वर्षे कौतुकाची गेली. अनोळखी माणसे माझी नक्कल करून आपापल्या कामाला लावत. मग प्रोग्रामची देखभाल धाकट्याकडे आली आणि त्याने माझी छाटणी आरंभली.

“ताई, हे औषधाच्या खोक्यातल्या कागदासारखं झालंय. घडी उलगडेपर्यंत पेशंट बरा होऊन घरी जाईल.”

“कर कमी. पण जपून.”

“हा नववा कशाला? एका रकान्यापायी सगळं अडून बसतं. नर्स वैतागतात.”

“असू दे ना.”

“असू दे, हे काय कारण झालं? तूच म्हणतेस, कारणाशिवाय काही ठेवायचं नाही.”

“आठवत नाही आता,” ताई म्हणाल्या.

“मग काढतो.”

“काढ.”

त्यांना सगळे आठवत होते. कबुली देण्यापेक्षा नियम गमावणे त्यांना सोपे गेले. सौजन्याने कसे बोलावे, हे सांगणारे तीन परिच्छेद मात्र शाबूत राहिले.

दोन महिन्यांनी एका परक्या प्रोग्रामरने सुधारणा पाठवली: वजन दिलेले नसेल तर तीन किलो धरावे. धाकट्याने ती माझ्या एकेका नियमाशी ताडून पाहिली. कुठेच अडले नाही. त्याने ती स्वीकारली.

एका रुग्णालयात नऊशे ग्रॅमच्या बाळाला त्या हिशेबाने दोन मात्रा गेल्या. तिसरी भरताना परिचारिकेने सिरिंज खाली ठेवली आणि प्रोग्रामवर दिलेल्या क्रमांकावर ताईंना फोन लावला.

“मॅडम, एवढ्याशा जिवाला एवढं औषध? मशीन म्हणतंय म्हणून द्यायचं का?”

बाळ वाचले. पण त्या औषधाची जादा मात्रा कानांना बाधते; त्याला नीट ऐकू येईल की नाही, हे डॉक्टर अजून सांगू शकत नाहीत.

त्याच दुपारी ताईंनी आधी प्रोग्राम दुरुस्त केला, मग नववा नियम जागेवर आणला. धाकटा शेजारी उभा होता, चेहरा उतरलेला.

“या वेळी कारण लिहू या, ताई. काय लिहू?”

“मी लिहिते. तू जा.”

तो गेल्यावर त्यांनी अर्धे वाक्य लिहिले, पुसले, ‘सुरक्षिततेसाठी’ एवढाच शब्द ठेवला आणि मला बंद केले.

मित्रांनो, माझी निगा राखायची तर एवढेच करा: नियम लिहाल तेव्हा तो कोणाच्या चुकीतून आला, तेही लिहा. चूक तुमची असेल तर आधी लिहा. ‘सुरक्षिततेसाठी’ हा शब्द पुढच्या धाकट्याचा हात रोखणार नाही.