उभं राहिलं की बोलायचं

लंडनमधल्या हॅरोच्या बौद्ध विहारात कायदा एकच होता आणि तोही कुठं लिहिलेला नव्हता: जो उभा राहील त्याचं सगळ्यांनी ऐकायचं. याच कायद्याच्या जोरावर बस ड्रायव्हर भगवानकाकांनी तिथं चाळीस वर्षं थापा मारल्या. एकदा धुक्यात त्यांची बस थेट फ्रान्सात निघाली आणि प्रवासी म्हणे परतायलाच तयार होईनात! ही हकीकत लोकांनी सतरा वेळा ऐकली, पण खाली बसा असं कुणी म्हटलं नाही.

मग हॉलच्या लीजसाठी कौन्सिलनं संस्थेची लेखी घटना मागितली. सेक्रेटरी संघर्ष, म्हणजे काकांचा सख्खा पुतण्या, पेशानं सॉलिसिटर. तो बावीस पानं घेऊन आला.

काकांनी सगळी चाळली. "यात सभासदांचे हक्क कुठायत रे?"

"काका, कमिटीला लिहून दिलेत तेवढेच अधिकार. तुमचं बोलणं कोण काढून घेतंय? उलट हक्कांची यादी केली की जे लिहायचं राहिलं ते बुडालं."

शाळेत इतिहास शिकवणारी नात धम्मशीला हसली. "आजोबा, अमेरिकेत सेम भांडण झालं होतं. घटना लिहिणारे असंच म्हणायचे. मग काही राज्यांनी आधी पास केली आणि हक्क नंतर ॲड करायचं प्रॉमिस घेतलं."

"पाळलं?"

"पाळलं ना. हक्कांच्या दहा दुरुस्त्या आल्या."

घटना पास करायची का, यावर मतं पडली अठरा-अठरा. राहिले काका. संघर्षनं त्यांचा हात धरला. "आधी पास करू. पुढच्या सभेत पहिलं काम तुमच्या हक्कांचं. शब्द देतो."

भावाच्या पोराकडून काय लिहून घ्यायचं? काकांनी हात वर केला.

पुढच्या सभेत ते विहाराचा जुना कायदा लिहिलेला एका ओळीचा कागद घेऊन उभे राहिले.

"काका, सभेत कशावर बोलायचं ते कमिटी ठरवते. कलम नऊ."

"अरे, पण तुझा शब्द?"

"सभेच्या मिनिट्समध्ये लिहिलेला नाहीये तो."

सभा कार्पेटच्या रंगाकडं वळली. काका उभेच. त्यांच्या डोक्यावर भिंतीवरचे बाबासाहेबही उभे, हातात घटना. विरोधात मत दिलेल्या अठरा जणांपैकी एकानंही मान वर केली नाही. मरून रंग एकमतानं पास झाला.

"आजोबा, बसा ना, प्लीज," धम्मशीलानं बाही ओढली.

"बाळ, त्या अमेरिकेतल्या लोकांचा एकमेकांवर विश्वास होता का गं?"

"अजिबात नव्हता."

"तरीच पाळलं," काका म्हणाले आणि खाली बसले. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच, न बोलता.