फांगची, दोन्हींपैकी एक

नमुन्याचे नाव:

फांगची. या रकान्यात एवढंच मावतं. वेली मात्र दोन. बोचौच्या औषधी बाजारात दोघींना हाक एकच. एकीने गुडघ्यांची सूज उतरते, दुसरीने मूत्रपिंडं निकामी होतात. वैद्य चिठ्ठीवर नुसतं 'फांगची' लिहितात आणि दुकानदार हाताला लागेल ते पोतं उघडतो.

नमुना कोणी आणला:

थान युएलान, रेल्वेच्या खानावळीत काम. प्लास्टिकच्या पिशवीत काळा ओला चोथा. त्यात सिगारेटचं थोटूक, सूर्यफुलाच्या बियांची टरफलं.

"हे काय, थान ताई?"

"आईच्या काढ्याचा चोथा. चौकातून खरवडून आणला."

औषध उकळून झालं की चोथा घरात ठेवायचा नाही, चौकात ओतायचा. येणारे-जाणारे तुडवतात आणि आजार त्यांच्या बुटांबरोबर निघून जातो. माझी आईही हेच करायची.

"न उकळलेली पुडी नाही एखादी?"

"शेवटची परवा संपली. नव्या पुड्या रविवारी येतील, मामाकडून. मामाच वैद्य आहे ना." तिने पिशवीची गाठ उगाच घट्ट केली. "डॉक्टर म्हणतात, काढा आज बंद करा, नाहीतर मूत्रपिंडं हातची गेली. आई म्हणते, सख्खा भाऊ मला विष पाजेल? प्रयोगशाळेने सांगू दे, मग सोडते."

पद्धत:

चोथा धुतला, वाळवला, अर्क काढला. काचेच्या पट्टीवर तीन ठिपके दिले : कडेला दोन ओळखीच्या वेली, मध्ये चौकातला चोथा. द्रव वर चढला. मधल्या रांगेत पिवळा डाग उमटला. विषारी वेल. सरळ उत्तर मिळालं म्हणून मला हायसं वाटलं, हे कबूल करते. मग रसायनाचा फवारा मारला, तर त्याच रांगेत चांगल्या वेलीचा नारिंगी डागही उमटला.

"थान ताई, त्या चौकात आणखी कोण चोथा ओततं?"

"सगळेच. सात-आठ घरं."

निष्कर्ष:

~~विषारी वेल आढळली.~~

दोन्ही आढळल्या. कोणती कोणाच्या घरची, सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी म्हातारी स्वतः आली. पाय एवढे सुजलेले की बूट टाच दाबून, सपातांसारखे घातलेले.

"दोन्ही सापडल्या म्हणे? मग चांगली ती माझी."

"आजी, उलटंही असू शकेल."

"असू शकेल? सरकारी शिक्का घेऊन बसतेस आणि 'असू शकेल'? त्यापेक्षा आमच्या चौकातला भविष्य सांगणारा बरा, तो निदान छातीठोक बोलतो!"

"मग वाईट वेल कोणाची, आई?" युएलानने विचारलं.

"ज्याला माझ्या भावासारखा भाऊ नाही त्याची."

सोमवारी मायलेकी नवी पुडी घेऊन आल्या. पांढरे पिठूळ काप, चाकाच्या आऱ्यांसारख्या रेषा. चांगली वेल आहे हे नुसतं बघूनच कळलं, तरी पट्टी लावली. फक्त नारिंगी.

मी मामांना फोन केला. आधीचं पोतं कुठून घेतलं होतं?

"ते संपलं. हे नवं. फांगची म्हणजे फांगची हो, बाई. चाळीस वर्षं देतोय."

शेरा:

'या पुडीत विषारी वेल आढळली नाही.' दुसरं काय लिहिणार?

युएलान टेबलावर वाकली. "लिहा ना, आधीच्यात होती म्हणून."

"आधीची पुडी माझ्यासमोर आलीच नाही."

"मग खोटं लिहा. एक ओळ, शी ताई. तुमच्या पाया पडते."

मी शिक्का मारला. खरंच लिहिलं होतं. म्हातारीने कागद उचलला, शाईवर फुंकर घातली.

"आता गल्लीभर दाखवते. सगळे माझ्या भावाकडूनच नेतील."

"आजी, हा कागद फक्त या एका पुडीचा आहे. पुढचं पोतं कुठलं असेल—"

ती तोवर जिन्यापर्यंत पोचली होती. प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत उतरत होती, आणि युएलानने तिला काखेत हात घालून धरलं होतं.