चाळीस पानी गुपित

सरकारी वकिलाला आपल्या लेखणीचा भारी अभिमान. पाणी खात्याने चर खणला, शेजारच्या बेकरीची भिंत खचली आणि बेकरीवाल्याने दावा ठोकला. त्यावर वकिलाने चाळीस पानी सल्ला लिहिला. सार एवढंच, की चूक आपली आहे, तडजोड करा. पण दोन वाक्यांत आवरलं तर तो वकील कसला? पाणी, रस्ते आणि अर्थ, तिन्ही खात्यांना त्याने तो सीलबंद लखोट्यातून पाठवला, वर लाल शाईने 'गोपनीय' लिहून. कौतुकाचा एक शब्द आला नाही. लोक भारावून गेले असतील, अशी त्याने स्वतःची समजूत घातली आणि पुढच्या तारखेला कोर्टात फुशारकीही मारली, की तिन्ही खात्यांना आपण सविस्तर सल्ला दिलाय.

बेकरीवाल्याच्या वकीलबाई लगेच उठल्या. "वकील आणि अशिलातला सल्ला गुप्त असतो, मान्य. पण तीन खात्यांत फिरल्यावर गुप्त कसला? तो कोर्टापुढे आणा."

वकिलाने मनात हिशेब मांडला. चूक सरकारची, असं सरकारच्याच वकिलाने सहीनिशी लिहिलेलं. ते उघड झालं तर दावा जाणार, पाठोपाठ नोकरीही.

"सगळी खाती मिळून अशील एकच, सरकार," तो कसाबसा म्हणाला.

"पटतंय," न्यायाधीशबाई म्हणाल्या, "पण खात्यांनी तो जपला का, ते कळू द्या."

तिन्ही खात्यांचे साहेब फायली घेऊन कोर्टात हजर होते. रस्ते खात्याच्या साहेबांनी लखोटा पुढे केला. सील शाबूत. "गोपनीय कागद आम्ही फोडत नाही, मॅडम. फोडला की जबाबदारी येते."

अर्थ खात्याचाही तसाच. आणि ज्यांच्यासाठी लिहिला, त्या पाणी खात्याचाही.

सल्ला गुप्तच राहील, असा आदेश झाला. वकील जिंकला आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अख्खा रविवार त्याने नुसत्या भाषेवर घालवला होता.

बाहेर पाणी खात्याच्या साहेबांनी त्याची पाठ थोपटली. "वाचवलंत. आता दावाही असाच लढा, माघार नाही. बरं, सल्ला होता तरी काय?"

"चूक आपली आहे. तडजोड करा."

साहेब थबकले. "अहो, मग हे मला आधी कोणी सांगितलं का नाही?"

वकिलाने पुष्कळ डोकं खाजवलं, पण लखोट्यावर 'गोपनीय' त्यानेच लिहिलं होतं; दोष द्यायला दुसरं कोणी सापडेना.