उत्तराचा उजवा बूट

मी एक जुना उजवा बूट आहे, मित्रांनो. आइस हॉकीचा. डावाही इथेच शेजारच्या खिळ्याला लटकलेला आहे, पण त्याला बोलायची आवड नाही, आणि जे झालं त्यानंतर तर अजिबातच नाही. तेव्हा दोघांच्या वतीने मीच सांगतो.

आमचा मुक्काम मिशिगनमधल्या ट्रॉय गावात, चारुदत्त आणि नीलांबरी यांच्या गॅरेजमध्ये. चारुदत्त मूळचे पुण्याचे, मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत इंजिनियर. मोटारीचं दार लागताना आवाज कसा यावा, या प्रश्नावर त्यांनी उमेदीची सगळी वर्षं घालवली. उत्तरा ही त्यांची एकुलती एक मुलगी. मी तिच्या उजव्या पायात होतो, एवढीच माझी कर्तबगारी.

माझा जन्म कारखान्यात झाला. सगळ्या बुटांचा तिथेच होतो, त्यात सांगण्यासारखं काही नाही. सांगण्यासारखं आहे ते माझं पातं. लांबून ते सुरीसारखं दिसतं, पण तसं नसतं. त्याच्या तळाला लांबीभर एक बारीक पन्हळ असते आणि पन्हळीच्या दोन काठांना दोन धारा. त्या बर्फात रुततात, म्हणून मुलगी हवं तिथे वळते आणि हवं तिथे थांबते. पन्हळ म्हणजे खरं तर पोकळी. पण आमचा सगळा जीव त्या पोकळीत असतो.

उत्तरा दोन हजार एक साली बर्फावर उतरली, तेव्हा अकरा वर्षांची होती. मुलींचा संघ नव्हता, म्हणून मुलांत खेळली. महाराष्ट्र मंडळात लोक कौतुकाने चौकशी करायचे.

"फिगर स्केटिंग करतेस ना गं?"

"नाही काकू, हॉकी."

"म्हणजे ती गवतावरची?"

"बर्फावरची."

"अगं बाई. आणि दात?"

इथे चौकशी संपायची आणि काकू बटाटेवड्यांकडे वळायच्या.

मी आलो दोन हजार पाचमध्ये, तिचा पाय वाढायचा थांबल्यावर. तोवर मुलींचा संघ झाला होता आणि उत्तरा बचावाच्या फळीत खेळत होती. समोरून कोणी चाल करून आलं की ती तोंड त्याच्याकडे ठेवून उलटी पळायची, आणि ऐन वेळी एका पायावर गर्रकन वळून त्याच्याबरोबर धावू लागायची. तो एक पाय म्हणजे मी. प्रेक्षकांतले गोरे बाप एकमेकांना विचारायचे, ही कुणाची? चारुदत्त शेजारीच उभे असायचे. ते फक्त कॅमेरा थोडा वर धरायचे.

घरात मात्र एक करार होता. हॉकीसाठी एखाद्या चांगल्या कॉलेजने घेतलं, तर खेळायचं. नाहीतर शाळा संपली की हॉकीही संपली, आणि फार्मसी. उत्तराने तो हसत मान्य केला होता. सतरा वर्षांच्या मुलीला आपण हरू असं वाटत नाही.

दोन हजार सातच्या ऑक्टोबरमध्ये पूर्वेकडच्या एका कॉलेजची कोच ट्रॉयला यायची ठरली. तिच्या संघात बचावाची एकच जागा उरली होती. बाकीच्या कॉलेजांनी आधीच नकार कळवले होते. चाचणी रविवारी सकाळी सातला होती. नेमका त्या दिवशी दसरा होता आणि आदल्या दिवशी खंडेनवमी.

शनिवारी दुपारी उत्तरा क्लासला गेली होती. चारुदत्तांनी पूजेला मांडायची हत्यारं लखलखीत करायला घेतली. पाने, पकडी, ड्रिल झालं. मग त्यांची नजर माझ्यावर पडली. त्यांनी मला उलटं धरलं, पात्यावर पट्टी ठेवली आणि उजेडाकडे करून एक डोळा मिटला.

"नीलांबरी, इकडे ये. बघ जरा. पातं मधोमध पार झिजलंय. अक्षरशः पन्हळ पडलीय."

"अहो, ते तसंच असेल. तिला येऊ द्या, विचारा."

"विचारायचं काय? दिसतंय की. तो रिंकवरचा माणूस पाच मिनिटांत धार लावून देतो. पाच मिनिटांत काय डोंबलाचं प्रिसिजन येणार?"

"उद्या तिची ट्रायआउट आहे."

"म्हणूनच तर करतोय."

मी सांगू शकलो असतो तर सांगितलं असतं. त्यांनी मला शिकंज्यात आवळलं आणि संध्याकाळपर्यंत आधी यंत्राच्या खरखरीत पट्ट्यावर, मग तेलाच्या दगडावर घासलं. मध्येच थांबून मोजायचे, फुंकर मारायचे, पुन्हा घासायचे. इतक्या मायेने मला आजवर कोणी हाताळलं नव्हतं. शेवटी माझा तळ आरशासारखा सपाट झाला. डाव्याचाही झाला.

मग आम्हाला पाटावर ठेवलं. उत्तराच्या लॅपटॉपशेजारी, गाडीच्या किल्ल्यांच्या पलीकडे. हळद-कुंकू, अक्षता, वर झेंडूची फुलं. उत्तरा घरी आली, तिने नमस्कार केला आणि बॅगेत टाकायला मला उचलायला गेली.

"आज हत्यारांना हात लावायचा नाही," आई म्हणाली. "सकाळी घे."

"ओके, ओके," म्हणत तिने हात मागे घेतला.

सकाळी बर्फावर पाय ठेवताच मला पकड गेल्याचं जाणवलं, तिला ते पहिल्या वळणावर कळलं. ती उलटी पळत आली, माझ्यावर भार टाकला, आणि मी साबणाच्या वडीसारखा निसटलो. ती पडली. उठून तिने कडेच्या बाकावर बसून मांडीवर पाय घेतला, हातमोजा काढला आणि अंगठा पात्यावर आडवा फिरवला. मग तिने धार लावायच्या खिडकीकडे पाहिलं. खिडकीचं शटर खाली होतं. रविवारी ते दहाला उघडतं, आणि कोचचं विमान अकराला होतं.

त्यानंतर ती सावध खेळली. सावध खेळणारी मुलगी बघायला कोणी विमानाने येत नाही. तरी ती आणखी दोनदा पडली. मधल्या विश्रांतीत कोच कठड्याशी आली. बाई चांगली होती. तिने इंग्रजीत सरळ विचारलं, "तुझ्या बुटांचं काही बिघडलंय का?"

कठड्यापलीकडे काचेला नाक लावून चारुदत्त उभे होते. हातात कॅमेरा, बोटांच्या पेरांत कालचं काळं तेल. त्यांनी उत्तराला अंगठा उंचावून दाखवला आणि मग माझ्याकडे बोट केलं.

उत्तराने त्यांच्याकडे पाहिलं.

"नो, मॅम," ती म्हणाली. "दे आर फाइन."

मित्रांनो, माझी कारकीर्द तिथे संपली. तिचीही.

परतताना गाडी घराच्या रस्त्याला लागली. मग चारुदत्त म्हणाले, "बेटा, इक्विपमेंट फर्स्ट क्लास होतं. त्या बाबतीत आपण काही कमी पडलो नाही. कमी पडलं ते कॉन्सन्ट्रेशन."

"हो, बाबा."

"एवढं मनाला लावून घेऊ नकोस. फार्मसीही चांगली असते."

"आय नो, बाबा."

घरी गेल्यावर तिने आपट्याची पानं देऊन त्यांना नमस्कार केला. त्या वर्षी ही पानं कोणीतरी सॅन होजेहून कुरिअरने मागवली होती.

पुढच्या वर्षी ती डेट्रॉइटला फार्मसी शिकायला गेली. थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत घरी आली, तेव्हा मायलेकी गाडीतून सामान काढत माझ्याखालीच उभ्या होत्या.

"आई, आज मी बाबांना सांगणार आहे," उत्तरा म्हणाली.

"काय?"

"स्केट्सचं. त्यांनी ब्लेड्स फ्लॅट केली होती. कुणालाच त्यावर उभं राहता आलं नसतं. आय नीड हिम टू नो."

नीलांबरीने हातातली पिशवी खाली ठेवली. "मला वाटलंच होतं तेव्हा," ती हळू म्हणाली. "पण आज नको गं. सोमवारी त्यांना काढलं कामावरून. सगळं डिपार्टमेंटच बंद केलं. तुला सांगू नको म्हणालेत."

तेवढ्यात आतलं दार उघडून चारुदत्त आले. हातात तेलाची बुधली आणि फडकं. गेले काही दिवस ते दुपारचे इथेच असत, मला वाटलं होतं रजेवर आहेत. त्यांनी मला खिळ्यावरून काढलं आणि उत्तरासमोर धरलं.

"बघ. एक डाग नाही." मग पुसता पुसता, वर न बघता, "तेव्हा नेमकं काय झालं होतं गं? मी फार विचार करतो त्याचा."

नीलांबरी पिशवीतली कोथिंबीर नीट करू लागली.

"काही नाही, बाबा. नर्व्हस झाले होते."

"स्केट्स तर ठीक होते ना?"

"बेस्ट होते."

"तेच म्हणतो मी," ते म्हणाले. आणि कितीतरी दिवसांनी, असं नीलांबरीच्या चेहऱ्यावरून वाटलं, थोडेसे हसले.

मित्रांनो, वस्तूने शेवटी काही मागायची रीत आहे. आम्हाला ओलं टाकू नका, गंजू देऊ नका, अडगळीत विसरू नका. मला यातलं काहीच मागता येत नाही. मला कोणी विसरलेलं नाही. दर आठवड्याला मला तेल मिळतं आणि माझा तळ अजून आरशासारखा आहे. गंज चढेल अशी आशाही उरलेली नाही.

म्हणून माझं मागणं वेगळं आहे. तुमची एखादी वस्तू कोणी मोठ्या प्रेमाने दुरुस्त करायला घेतली, तर त्याचा हात धरा आणि थांबवा. त्याला वाईट वाटलं तर वाटू द्या. नंतर त्याला सांगायचं म्हटलं, तर कुठलाच दिवस सोयीचा नसतो.